अहो आई, गच्चीची किल्ली माझ्याकडेच आहे

अहो आई,

समीर परवा परत गेला. त्याच्या मावशी त्याआधीच्या दिवशीच घोडपदेवला, आपल्या घरी गेल्या. मंडपवाल्याने खुर्च्या नेल्या, शेजाऱ्यांची भांडी मी ज्याची त्याला पोचवली. आता घरात मी आहे आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, तुमच्या जुन्या गाऊनमध्ये गुंडाळलेली दुर्बीण आहे. त्या निळ्या फुलांच्या गाऊनमुळे दिवा लावायच्या आधी खोलीत कुणीतरी उभं आहे असं वाटतं. दोनदा दचकले. तरी गाऊन काढावासा वाटत नाही.

इतके दिवस घरात माणसं होती, त्यामुळे तुमच्याशी बोलणं झालं नाही. आता बोलते.

तेराव्याचं आधी सांगते, कारण तुम्ही असतात तर भटजींना दोन शब्द नक्की ऐकवले असतेत. पूजा मांडता मांडता त्यांनी विचारलं, सून कुठे आहे. मी आत आमटीपाशी होते. मावशी म्हणाल्या, "सून कॅनडात आहे." खरंच होतं ते. समीरची बायको तिकडे आहे, लहान मुलीला घेऊन एवढ्या घाईत येणं तिला जमलं नाही. मी गॅस बारीक केला आणि कोथिंबीर चिरायला घेतली. नंतर पंगतीत वाढायला मीच गेले. मी कोण असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, आणि नेमकं काय म्हणायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

मला तरी कुठे माहीत होतं? समीर कॅनडाला गेला तेव्हा मी मागाहून जायचं असं ठरलं होतं. कागदपत्रं लांबत गेली, फोन आखडत गेले, आणि एका रविवारी त्याने सांगितलं की तिकडे त्याचं दुसरं कुणीतरी आहे. फोन स्पीकरवर होता. तुम्ही वाटाणे सोलत होतात. त्याचं बोलून होईपर्यंत तुमचे हात थांबले नाहीत. मग तुम्ही ताट बाजूला ठेवलंत आणि आत जाऊन पडलात. मला वाटलं, आता उद्या सकाळी मला बॅग भरायला सांगतील, किंवा रडतील, किंवा माझंच काही चुकलं म्हणतील. सकाळी ओट्यावर माझा डबा भरून ठेवलेला होता. "मटारची उसळ आहे, ऑफिसात गरम करून घे," एवढंच म्हणालात.

घटस्फोटाचं कोर्टातलं सगळं उरकलं त्या संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं होतं, आता तुम्हाला काय म्हणू. भोईवाड्याच्या नाक्यावर आपण भाजी घेत होतो. तुम्ही भेंडीची टोकं मोडून बघत होतात.

"हाक मारायचीय ना?" तुम्ही म्हणालात. "जी मारतेस ती मार. मला ऐकू येते."

तर अहो आईच.

दुर्बीण त्याच वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून निघाली. लग्नाच्या पहिल्या वर्षी समीरने हौसेने घेतली होती, दोन वेळा बघितली आणि वर टाकली. खोका उघडल्यावर मला ती भंगारात द्यायची होती. त्याची वस्तू घरात नको, असं माझ्या मनात होतं. तुम्ही म्हणालात, वस्तूने काय केलंय. पोस्टात इतकी वर्षं काढलेल्या तुम्हाला कुठलाही खोका आतलं सगळं तपासल्याशिवाय जाऊ देणं जमतच नसे. त्यातली माहितीपत्रिका तुम्ही चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलीत, मग आपण दोघींनी मिळून तिचे पाय जोडले.

पहिल्या संध्याकाळी काय दिसलं आठवतं? समोरच्या टॉवरच्या पंधराव्या-सोळाव्या मजल्यावरची वाळत घातलेली चादर, उलटी. दोरी खाली आणि चादर वर लोंबकळतेय. तुम्ही मान तिरकी करून बघितलंत, मग मला बघायला लावलंत, आणि मग आपण पाण्याच्या टाकीला टेकून इतक्या हसलो की राणेकाका वर बघायला आले. तो रविवारचा फोन येऊन गेल्यापासून मी हसले नव्हते. माझ्या ते नंतर जिन्यात लक्षात आलं. तुमच्या आधीच लक्षात आलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी असलेल्या राणेकाकांच्या मागे लागून गच्चीची एक किल्ली स्वतःकडे करून घेतलीत. कुरड्या वाळत घालायच्या आहेत, असं कारण दिलं होतंत. तुम्ही आयुष्यात कधी कुरड्या घातल्या नव्हत्या.

चंद्र सापडायला आपल्याला बरेच दिवस लागले. नळी कुठेतरी भलतीकडे, आपण भलतीकडे. आणि मग एका संध्याकाळी तो अचानक भिंगात आला, इतका मोठा आणि इतका जवळ की तुम्ही डोळा काढून आधी आकाशात बघितलंत, खरा चंद्र जागेवर आहे ना ते. मग परत वाकलात. तुम्ही घरात चांगलं छापील मराठी बोलायचात, माझ्यासमोर तर मुद्दाम. त्या दिवशी पहिल्यांदा तुमच्या तोंडून मालवणी आली.

"माका दिसला गो," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर दर महिन्याला शुद्ध पंचमीपासून द्वादशीपर्यंत आपला दिनक्रम ठरून गेला. मी ऑफिसातून लोअर परळहून चालत यायचे, तुम्ही थर्मासमध्ये चहा भरून तयार असायचात. मी नळी उचलायची, तुम्ही पाय. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंतच जाते, पुढचा एक जिना तुम्ही कठड्याला धरून चढायचात आणि वर आल्यावर दम लागला नाही असं दाखवायचात. दोन टॉवरच्या मधल्या फटीत चंद्र यायची वाट बघायची. कधी नव्या क्रेनचा हात मध्ये यायचा. मुंबईत तारे नाहीत म्हणून मी कुरकुर करायचे, गावाला केवढे दिसतात म्हणायचे. तुम्हाला ताऱ्यांचं काही नव्हतं. तारा दुर्बिणीतूनही ठिपकाच दिसतो, त्यात बघायचं काय, असं तुमचं मत. चंद्रावर जागा आहेत, म्हणायचात.

त्या जागांना तुम्ही आपली नावं दिलीत. दक्षिणेकडचा तो सगळा विवरांनी भरलेला भाग म्हणजे घावन, चांगली जाळी पडलेलं. ज्या विवरातून पांढऱ्या रेषा चारी बाजूंना उडालेल्या दिसतात, ती नारळ फोडलेली जागा. कडेजवळचा तो काळसर गोल डाग तेवढा त्याच्या खऱ्या नावानेच राहिला. त्याला संकटांचा समुद्र म्हणतात असं मी मोबाइलवर वाचून सांगितलं, तेव्हा तुम्ही पुन्हा एकदा नीट बघितलंत आणि म्हणालात, संकटांचा असून किती नीटनेटका आहे. ते नाव तुम्हाला आवडलं होतं.

एक संध्याकाळ तर मी कधीच विसरणार नाही. सप्तमी होती. चंद्राच्या उजेडाची कड संपते तिथून पुढे सगळा अंधार, आणि त्या अंधारात, कडेपासून थोडं दूर, काहीच नव्हतं तिथे एक बारीकसा पांढरा ठिपका उमटला. आधी आपल्याला वाटलं भिंगावर धूळ आहे. तुम्ही पदराने पुसलंत. ठिपका तिथेच. चहा पिऊन होईपर्यंत तो थोडा मोठा झाला होता. मी वाचून सांगितलं की तो डोंगराचा माथा आहे, तिथे आत्ता सूर्य उगवतोय, पायथ्याशी अजून रात्र आहे. तुम्ही ते ऐकलंत आणि खुर्ची ओढून घेतलीत. त्या रात्री जेवण बाहेरून मागवलं. तुम्ही बाहेरून जेवण मागवू दिलंत, यावरून काय ते समजावं.

आणि आपलं भांडण. नवमीला दिसते ती सरळ भिंत. काळी बारीक रेघ, पट्टीने ओढावी तशी. तुमचं म्हणणं तो कडा आहे, उभा, तुटलेला, खाली बघितलं तर भोवळ येईल असा. मी वाचलं होतं की तो फक्त उतार आहे, माणूस आरामात चालत चढून जाईल इतका सौम्य, उन्हाच्या तिरपेपणामुळे सावली तेवढी काळी दिसते. तुम्ही मान्य केलं नाहीत. दर नवमीला तेच. मी म्हणायचे, शास्त्रज्ञांनी मोजलंय. तुम्ही म्हणायचात, मी डोळ्यांनी बघतेय ते खोटं का? एकदा मी चिडून म्हणाले, तुम्हाला हरायचं नाहीये. तुम्ही शांतपणे चहाचा घोट घेतलात आणि म्हणालात, हरले तर पुढच्या नवमीला काय बोलायचं?

मला तेव्हा हसू आलं होतं. आता ते वाक्य सारखं डोक्यात येतं.

कोजागरीला मात्र तुम्ही कमाल केलीत. सगळी बिल्डिंग मसाला दूध घेऊन गच्चीवर आणि दुर्बिणीसमोर रांग. तुम्ही शाळेतल्या बाईंसारख्या शेजारी उभ्या. पौर्णिमेला सगळं सपाट दिसतं, सावल्या नसतात, बघायचंच असेल तर अष्टमीला या, असं प्रत्येकाला सांगत होतात. लोक दूध प्यायला आले होते, अष्टमीला कोण येतंय. त्याच रांगेत माझ्या ऑफिसातले संजय होते. मीच बोलावलं होतं. तुम्ही त्यांना दोनदा बघायला दिलंत. खाली आल्यावर भांडी विसळताना म्हणालात, माणूस बरा आहे, रांगेत उभा राहतो.

मी विषय बदलला. तुम्ही आठवडाभराने परत काढलात, मग परत. तू अजून चाळिशीचीही नाहीस, एकटीने जन्म काढायचा नसतो, मी जाईन समीरकडे, तो बोलावतोच आहे, म्हणायचात. शेवटी एका संध्याकाळी गच्चीवरच मला राग आला. तुम्हाला मी नकोशी झाले का, असं विचारलं मी. तुम्ही दुर्बिणीला डोळा लावून होतात, तो काढला नाहीत.

"मला तू हवी आहेस," तुम्ही म्हणालात, "म्हणून तू इथेच बसून राहायचंस काय गो?"

मी नळी उचलायला थांबले नाही, तशीच खाली आले. त्या दिवशी तुम्ही राणेकाकांच्या मुलाला हाक मारून सगळं सामान खाली आणवलंत. नंतर आपण रोजचं सगळं बोललो. गॅस लावला का, दुधाचं काय, मावशींचा फोन. त्या विषयावर मात्र आपण पुन्हा आलो नाही. मला वाटलं, आता थंडी आहे, आकाश स्वच्छ आहे, कधीतरी वर बसून बोलू.

मग तुमचा खोकला, आणि तो छातीत उतरला, आणि पुढचं सगळं हॉस्पिटलमध्ये.

तिथली एक गोष्ट मी समीरला किंवा मावशींना सांगितलेली नाही. तुम्हाला वॉर्डात आणलं त्या दिवशी नर्सने नाव, वय विचारता विचारता माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही यांच्या कोण. मी सून म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. मग तिने सोपं करून विचारलं, ह्या तुमच्याकडे राहतात का. मी म्हणणार होते की नाही, जागा त्यांची आहे, मी त्यांच्याकडे राहते. तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला केलात. बोलायला त्रास होत होता तुम्हाला.

"हो," तुम्ही म्हणालात. "मी हिच्याकडे असते."

नर्सने मास्क परत लावला आणि तुम्हाला दटावलं. मी खिडकीकडे गेले. तिथून काही दिसत नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती. मी तिच्याकडेच बघत उभी राहिले.

तुम्ही गेलात तो वद्य पक्ष होता. संध्याकाळच्या आकाशात चंद्र नव्हताच. समीर येईपर्यंत एक दिवस थांबावं लागलं, मग भोईवाड्याच्या स्मशानात सगळं त्याने केलं. नीट केलं, आई. मला त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. तो खूप रडला. मी बायकांमध्ये उभी होते, मागे. अमावास्या झाली, घरात माणसं येत राहिली, आणि एका संध्याकाळी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढताना मला पश्चिमेला ती बारीक कोर दिसली. सवयीने मी मागे वळून तुम्हाला सांगायला तोंड उघडलं. सोफ्यावर समीरचे मामेभाऊ बसले होते. त्यांनी विचारलं, काय हवंय का वहिनी. वहिनी म्हटल्यावर तेही गोंधळले. मी पाणी हवंय का म्हणून त्यांनाच विचारलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी समीर म्हणाला, जागेची घाई नाही, तू हवं तेवढे दिवस राहा. चांगल्या मनाने म्हणाला. पण कपाट तेच, ओटा तोच, आणि मी त्या एका वाक्याने पाहुणी झाले. मी त्याला सांगितलं की वर्षभर राहीन, तोवर माझं बघेन. संध्याकाळी त्यानेच विचारलं, ती दुर्बीण अजून चालते का.

मी नळी घेतली, त्याने पाय घेतले. वर नवमीचा चंद्र टॉवरच्या फटीच्या बराच वर आलेला होता. मी लावून दिला. समीर वाकून बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, गेला. चंद्र भिंगातून सरकतो, नळी हळूहळू ढकलत राहावी लागते, हे त्याला माहीत नव्हतं. मी ढकलून दिली. तो परत बघायला लागला. मग त्याने विचारलं, आई इथे काय करायची. मी म्हटलं, हेच.

"किती वेळ?"

मी सांगितलं, जेवायची वेळ होईपर्यंत. कधी जेवणही राहायचं. थंडीत शाल घेऊन. महिन्यातले सात-आठ दिवस, पावसाळा सोडून, दर महिन्याला.

तो सरळ उभा राहिला. म्हणाला की दर रविवारी तो तुमच्याशी तासभर बोलायचा. गुडघे, औषधं, पाणी, मावशींची भांडणं, सगळं सांगायचात. चंद्राचं एकदाही नाही. दुर्बीण माळ्यावरून काढली हेसुद्धा नाही. त्याला ते लागलं, मला दिसत होतं. मलाही ते नवीन होतं. मी धरून चालले होते की तुम्ही सांगितलंच असणार.

आम्ही दोघं कठड्यापाशी गेलो. खाली नाक्यावर कुणाचीतरी स्कूटर चालू होत नव्हती. मग समीर म्हणाला की त्याने तुम्हाला किती वेळा बोलावलं याची गणती नाही, तिकीटसुद्धा काढलं होतं एकदा. तुम्ही दर वेळी काहीतरी कारण काढायचात.

"मला वाटायचं ती तुझ्यासाठी थांबलीय," तो म्हणाला. "माझ्यामुळे तुझं जे झालं, ते ती फेडतेय."

मला खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, मलाही तेच वाटायचं.

आणि खरंच, आई, इतकी वर्षं मी तेच समजून चालले होते. तुमच्या हातचा डबा घेताना, तुम्ही माझ्यासाठी जागत बसायचात तेव्हा, संजयना लग्नासाठी मी नाही म्हणत राहिले तेव्हाही. माझ्यामुळे ह्यांना मुलगा दुरावला, नातीला मांडीवर घेता आलं नाही, असं माझ्या मनात कायम असायचं. म्हणून तुम्ही जा म्हणालात की मला राग यायचा. एवढं सगळं माझ्यासाठी सोडून बसल्यात आणि वर मलाच घालवतायत, असं वाटायचं.

समीरने मग विचारलं, "खूश होती का ती इथे?"

मला ती उलटी चादर आठवली, आणि टाकीला टेकून हसणाऱ्या तुम्ही. खोट्या कुरड्या आठवल्या. सप्तमीला ओढून घेतलेली खुर्ची. भिंतीवरून दर महिन्याला माझ्याशी भांडताना तुमच्या चेहऱ्यावर जे असायचं ते. फेड करणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो. तुम्हाला इथे राहायचं होतं. तुम्हाला ही गच्ची हवी होती, हा थर्मास, हा चंद्र, मी. मुलाला सांगितलं तर तो काहीतरी म्हणेल, थंडी बाधेल, जिना चढू नकोस म्हणेल, म्हणून तुम्ही त्याला सांगितलंच नाहीत. तुम्ही कुणासाठी काही सोडलं नव्हतंत. तुम्हाला आवडलं ते तुम्ही केलंत.

"हो," मी समीरला म्हटलं. "खूप."

त्याने मान हलवली. डोळे पुसले. मग पुन्हा वाकून बघितलं, आणि विचारलं की मध्ये ही काळी रेघ कसली दिसतेय, भिंगाला तडा आहे का. मी त्याला सांगितलं की नाही, ती चंद्रावरचीच आहे. अजून काही सांगितलं नाही.

त्याला बॅग भरायची होती. म्हणाला, चल, सामान खाली नेऊ. मी म्हटलं, तू हो पुढे, माझं मी आणते. जिन्यात त्याची पावलं ऐकू येत होती तोवर मी तशीच उभी होते. मग खुर्ची ओढून घेतली आणि डोळा लावला. गार वारा होता, शेजारी कुणी नव्हतं, आणि मला अजून बघायचं होतं.